पेशंट खाटेवर नव्हती

विमा कंपनीचा कागद आला. त्यात लिहिलं होतं की मी ऑपरेशन करून जिथं पाच दिवस राहिले, तिथं पेशंट ठेवतच नाहीत. ती नुसती येऊन-जाऊन तपासून घ्यायची जागा आहे, तेव्हा मी तिथं भरती नव्हतेच. ह्यांनी कागद दोनदा वाचला आणि माझ्याकडं बघत राहिले. मी भाकरी थापत होते. थापताना पोटाचे टाके ओढले जात होते, आणि कागद म्हणत होता की मी कुठं गेलेच नाही.

हे जळगावला पाइपच्या कारखान्यात आहेत. विमा तिथूनच मिळतो, म्हणून तो कागद तिथंही गेला. साहेबानं सगळ्यांसमोर विचारलं, "काय हो, बायकोला घरी झोपवून खोटी बिलं लावली का?" चौदा वर्षं तिथं काम करणारा माणूस मान खाली घालून घरी आला. साहेब म्हणाला होता, पंधरा दिवसांत खरं काय ते दाखवा, नाहीतर कामावर येऊ नका. रात्री हे जेवले नाहीत.

मला दवाखान्याबद्दल लिहायचं आहे, कारण त्या कागदात त्याच्याबद्दल जे लिहिलं ते मला सहन झालं नाही. तालुक्याच्या गावात स्टेशनपासून चालत जाण्याइतका तो जवळ आहे. दोन खोल्या, एकेका खोलीत सहा खाटा. आतल्या बाजूला ऑपरेशनची खोली, वर डॉक्टरांचं घर. मागं पत्र्याची शेड, तिथं पेशंटच्या घरच्या बायका स्टोव्हवर खिचडी लावतात. सिस्टर एकच दिवसा आणि एक रात्री, पण रात्रीची सिस्टर तीनदा येऊन माझी पट्टी बघायची. मला कळ आली की मी आवाज न करता तोंडात पदर धरायची, तरी तिला कळायचं. ती जागा पेशंट ठेवत नाही म्हणे.

माझं पिशवीचं ऑपरेशन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी माझे सासरे, आबा, आणि जेठ, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, मला बघायला आले. माझी आई धुळ्याकडून आली होती, तीच माझ्याजवळ राहत होती. बाहेर मोटरसायकलचा आवाज आला, आबांचं खोकणं आलं, आणि मी खाटेवरून उतरले. हे मी विचार करून केलं नाही. आमच्याकडं सासरे खोलीत आले की सून खाटेवर बसून राहत नाही, जेठ असले तर मुळीच नाही. एका हाताला सलाईनची सुई होती. दुसऱ्या हातानं पोट दाबून धरलं, आईनं काखेत हात घातला आणि मी खाली गोधडीवर टेकले. पदर पुढं ओढला. व्याही आले म्हणून आईनंही ओढला. टेकताना पोटात आग पडली, पण तोंडातून शब्द काढला नाही.

आबा खाटेवर बसले. खुर्ची नव्हतीच. पिशवीतून केळी काढून त्यांनी उशीजवळ ठेवली, एक सोलून स्वतः खायला घेतलं. जेठ दारात उभे राहिले. बाकी खाटाही तेव्हा रिकाम्याच होत्या. थंडीचे दिवस होते, दोन बायका मागच्या ओट्यावर उन्हात जाऊन बसल्या होत्या, एकीला डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं म्हणून ती व्हरांड्यात भिंत धरून फेऱ्या मारत होती. डॉक्टर आणि सिस्टर आत एका अपेंडिक्सच्या ऑपरेशनला होते.

तेवढ्यात विम्याचा माणूस तपासणीला आला. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल. आयाबाई म्हणाली, "बूट काढा भाऊ, ही पेशंटची खोली आहे."

"पेशंट कुठंय?" त्यानं आबांना विचारलं.

आबांच्या तोंडात केळं होतं. त्यांनी हनुवटीनं आमच्याकडं दाखवलं. "हे काय, आहे की."

त्यानं खाली पाहिलं. भिंतीला टेकून पदर ओढलेल्या दोन बायका. त्याला वाटलं असेल, म्हाताऱ्याला बघायला आल्यात.

"आजोबा, ऑपरेशन तुमचं झालं का?"

"माझं? मी तं दोन कोस चालतो रोज. सुनबाईचं झालं."

"काय झालं त्यांना?"

आबांनी दाराकडं बघितलं, जेठांनी बाहेर बघितलं. "बायकांचं काही बाही," आबा म्हणाले.

त्यानं मोबाईलवर फोटो काढले. आबांचा खाटेवर केळं खाताना, रिकाम्या खाटांचे, सिस्टरच्या रिकाम्या टेबलाचा. आयाबाई म्हणत होती, "थांबा, डॉक्टरांचं होऊ द्या," पण त्याला पुढच्या गावाला जायचं होतं. तो गेला. मी एवढंच म्हणायला हवं होतं की मी पेशंट आहे. तीन शब्द. जेठ समोर होते म्हणून मी ते तीन शब्द गिळले, आणि तो माणूस मला न विचारता निघून गेला. कोणाचा राग जास्त धरावा हे मला आजही नीट ठरवता येत नाही.

कागद आल्यावर आई फोनवर तिच्या अहिराणीत म्हणाली, "आपुन दोन्ही मुक्या बसनूत ना तठे. आते तरी तोंड उघाड. तू काय चोर शे का? बठ्ठं सांगी दे." सगळं सांगून टाक, असं तिचं म्हणणं.

जळगावला विम्याच्या ऑफिसात बोलावलं, तेव्हा ह्यांनी आबा आणि जेठांना साक्षीला घेतलं. सही लागली तर म्हणून मला नेलं. मी चौथीपर्यंत शिकले आहे, सही करता येते. मला बाहेर बाकावर बसवलं. मध्ये लाकडाची पातळ भिंत होती, सगळं ऐकू येत होतं.

विम्याचे साहेब म्हणाले, "खाटेवर तुम्हीच होता ना?"

"होतो," आबा म्हणाले. "मंग कुठी बसू? तुमच्या डोक्यावर?"

"आणि पेशंट?"

"खाली."

"खाली म्हणजे?"

"खाली म्हणजे भुईवर, भाऊ. सुना खालीच बसतात."

कोणीतरी हसलं. "आदल्या दिवशी पोट फाडलेली बाई भुईवर बसते? आजोबा, जरा पटेल असं सांगा. तुमच्या मुलानंच शिकवलं का हे?"

हे काहीतरी बोलायला लागले, पण त्यांचा आवाज तुटत होता. त्या हसण्यानं माझे कान तापले. दुसऱ्या दिवशीच्या कळा मी सोसल्या होत्या, आणि हे लोक त्या पटत नाहीत म्हणून हसत होते. मी उठले आणि आत गेले. पदर डोक्यावर होता, पण चेहऱ्यावर घेतला नाही.

"ती बाई मी आहे," मी म्हणाले. आवाज बारीक निघाला. "मीच भुईवर बसले होते. माझी पिशवी काढली आहे."

पिशवी हा शब्द मी सासऱ्यांसमोर पहिल्यांदा उच्चारला. आबांनी खिडकीकडं तोंड फिरवलं.

फोटो काढणारा माणूस तिथंच होता. मी त्याला म्हटलं, "तुम्ही दारात उभे राहिलात, आयाबाईनं बूट काढायला सांगितलं, तुम्ही काढले नाहीत. मी तुमच्याकडंच बघत होते. तुमचा फोटो बघा, सलाईनची बाटली कुणाला लावली होती?"

साहेबांनी फोटो मोठा केला. आबांच्या मागं स्टँडवर बाटली होती. नळी आबांच्या हाताला नव्हती. ती खाटेच्या काठावरून खाली गेली होती, फोटो तिथं संपत होता.

"वहिनी, तुम्ही त्याच वेळी का नाही बोललात?" साहेबांनी विचारलं.

"मला कोणी विचारलंच नाही. ह्या फोटो काढणाऱ्या भाऊंनी आबांना विचारलं."

मग जेठ बोलले. माझ्या लग्नानंतर माझ्याबद्दल त्यांनी माझ्यासमोर काढलेले हे पहिले शब्द. "ती उतरली ते आमच्यामुळं, साहेब. आम्ही बस म्हटलं असतं तर बसली असती. आम्ही म्हटलं नाही."

साहेबांनी डॉक्टरांना फोन केला, भरतीचं रजिस्टर आणि सिस्टरची नोंद मागवली. आठ दिवसांनी एक बाईसाहेब सकाळी जाऊन दवाखाना बघून आल्या. नऊ खाटांवर पेशंट होते. आमचं मंजूर झालं, ह्यांना कामावर कोणी खोटारडा म्हणेनासं झालं. दवाखान्यात आता प्रत्येक खाटेजवळ दोन खुर्च्या आल्या आहेत, असं आयाबाईनं कळवलं.

पण मंजुरीच्या कागदावर शेवटी एक ओळ होती. "रुग्ण महिलेने स्वतःहून खाट सोडल्यामुळे तपासणीवेळी गैरसमज निर्माण झाला."

ह्यांनी कागद घडी करून ठेवायला घेतला. मी म्हटलं, "ही ओळ काढायला सांगा."

"मंजूर झालं ना आता? कशाला उकरायचं?"

"गैरसमज त्यांचा झाला. त्यांनी दोन बायका बघितल्या आणि पेशंट दिसली नाही. हे माझ्यावर का?"

"तुला साहेब लोकांशी भांडायचंय?"

"हो," मी म्हणाले. मलाच नवल वाटलं.

हे हसले नाहीत, चिडलेही नाहीत. आतून कोरा कागद आणून दिला आणि पत्ता लिहून दिला. बाकी मी लिहिलं. माझं अक्षर मोठं येतं, पानभर झालं. लिहिलं की मी पेशंट होते, सुई माझ्या हातात होती, तुमच्या माणसानं मला विचारलं नाही, म्हणून ती ओळ खोटी आहे, ती काढा. पोस्टात मीच टाकून आले.

महिना झाला, उत्तर नाही. काल मी दुसरं पत्र लिहायला घेतलं.