पाच गोळ्यांचे दीपक सर

दीपक सरांनी आयुष्यात एकूण पाच गोळ्या मारल्या. हे मी खात्रीनं सांगतो, कारण त्या दिवशी एअर रायफलमध्ये हवा मीच भरून दिली होती. पाचातल्या दोन त्यांच्या टार्गेटवर लागल्या, दोन शेजारच्या टार्गेटवर, आणि पाचवी कुठं गेली ते आजवर कुणाला कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी ‘नेमबाजी : एक अनुभव’ असा चार पानी लेख लिहून क्लबच्या ग्रुपवर टाकला. त्यानंतर त्यांनी रायफलला बोट लावलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचे, “प्रशिक्षकानं स्वतः नेम धरायला लागू नये, त्यानं शिकवण्याची नजर बिघडते.” हे वाक्य ऐकून पालक माना डोलवायचे.

सर मूळचे विमा कचेरीतले कारकून. नाशिकच्या गंगापूर रोडला एका मंगल कार्यालयाच्या मागच्या हॉलमध्ये आमचा क्लब आहे, दहा मीटरच्या आठ लेन. सहा वर्षांपूर्वी ते रुद्रला, म्हणजे आपल्या मुलाला, घेऊन तिथं आले. रुद्रचं मन चार महिन्यांत उडालं आणि तो क्रिकेटकडं वळला. पोरगं गेलं, बाप राहिला. बापानं नेटवरून पुस्तकं उतरवली, छापून घेतली, स्पायरल बाइंडिंग केलं. अशी अकरा बाडं झाली. त्यात पिवळ्या पेनानं इतक्या रेघा मारलेल्या, की न रंगवलेली ओळ शोधावी लागे. जुने कोच मुंबईला निघून गेल्यावर कमिटीनं सरांना कोच केलं. बोलायला चांगले, इंग्रजी फर्डं, आणि इस्त्रीचा शर्ट. एवढं पुरतं.

मी पुंजाराम. फौजेत एकवीस वर्षं, हवालदार म्हणून निवृत्त. पलटणीच्या नेमबाजी संघातून तीनदा खेळलो. क्लबात माझं काम सिलिंडर भरणं, रायफलींची सीलं बदलणं, स्क्रू आवळणं. सर मला ‘आमचे मेकॅनिक काका’ म्हणत, आणि मी त्यांना मनातल्या मनात काय म्हणे ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सरांचं कोचिंग बघण्यासारखं होतं. नेमबाजांनी मिसळ खायची नाही, हा पहिला नियम. नाशिकमध्ये राहून! सरावाच्या बरोबर दोन तास आधी एक केळं, तेही अर्धं पिकलेलं. भिंतीवर फुप्फुसांचं चित्र. पोरं नेम धरून उभी राहिली की सर मागं स्टॉपवॉच घेऊन सेकंद मोजायचे. पोराचा हात थरथरतोय, घाम डोळ्यात जातोय, रायफल खाली ठेवून पुन्हा सुरुवात करायला हवी, हे त्यांना दिसायचं नाही. सात सेकंद झाले नाहीत ना, मग धर. नाकानं कांदे सोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण स्टॉपवॉच लावून सोलणारा हा एकच.

त्यातच तृप्ती आली. सटाण्याची पोर, वडील कांद्याचे व्यापारी. वडिलांनी एक वर्ष नाशिकला मावशीकडं राहायची मुभा दिली होती. जिल्ह्याच्या निवड चाचणीत सहाशे गुण पडले तर राज्य स्पर्धा आणि पुढचं शिक्षण नाशिकलाच. नाही पडले तर सटाण्याला परत, रायफल बंद. हे तिनंच मला सांगितलं होतं, मी तिच्या रायफलचं सील बदलत असताना.

पोरीचा हात दैवी होता. मी असले हात दोन-तीनच पाहिले. एकदा न राहवून मी तिला म्हणालो, “पोरी, आधी पाय बघ. डोळे मीट, अंग सैल सोड, मग डोळे उघड. रायफल जिथं बघत असेल तिथं गोळी जाणार. मधोमध नसेल तर पाय सरकव, रायफल ओढू नको.” तिला पटलं. पण सरांनी ऐकलं. सगळ्यांसमोर हसून म्हणाले, “काका, ती फौजी रायफल. इथं सायन्स आहे. तुम्ही हवा भरायचं बघा, तंत्राचं मी बघतो.” पोरं हसली. तृप्ती हसली नाही. मी पाना उचलला आणि त्या दिवसापासून तंत्राबद्दल अवाक्षर काढलं नाही.

चाचणी आमच्याच हॉलमध्ये झाली. साठ गोळ्या. मागं खुर्च्यांवर कोच आणि पालक, प्रत्येक लेनचा स्क्रीन समोर. बोलायला मनाई, पण हातानं खुणा चालतात. मी अगदी कडेला, चहाचा कप घेऊन.

एका गोळीला जास्तीत जास्त दहा पूर्णांक नऊ गुण. पहिल्या वीस गोळ्यांत तृप्तीला दोनशे चार पडले. सरांनी मागं वळून पालकांकडं असं पाहिलं, जणू त्या गोळ्या त्यांनीच मारल्या होत्या. मग तिनं गोळ्यांच्या डबीचा स्टँड जरा लांब सरकवला. डबीकडं वाकताना उजवा पाय चार बोटं पुढं आला. ते जाड जॅकेट अंगात असलं की स्वतःचे पाय दिसत नाहीत. चोविसावी गोळी डावीकडं गेली. पंचविसावीही डावीकडं.

पाय चार बोटं मागं घे, एवढंच काम होतं. सरांनी मांडीवरचं बाड उघडलं, बोटानं कोष्टक शोधलं आणि खूण केली : साईट, म्हणजे नेम धरायची चकती, दोन क्लिक उजवीकडं. तिनं फिरवली. पुढची गोळी तिनं अंगाला पीळ देऊन मधोमध ओढली, तर ती उजवीकडं गेली. सरांनी खूण केली, एक क्लिक डावीकडं. नंतरची थकून डावीकडं. पुन्हा क्लिक. बिचारी साईट झोके खात राहिली आणि सर आकडेमोड करत राहिले.

मला काय वाटत होतं? खरं सांगायचं तर मजा वाटत होती. पडू दे, म्हटलं. अकरा बाडं एकदाची तोंडावर पडू देत, सगळ्या पालकांदेखत. मी गुण मोजत होतो आणि प्रत्येक वाकड्या गोळीला आतून सुखावत होतो.

पाचशे सत्त्याण्णव पूर्णांक चार.

सरांकडं कारण तयारच होतं. स्पर्धेचा ताण, श्वासपटलाचं आकुंचन, आठवं बाड, तिसरं प्रकरण. ते तृप्तीच्या मावशीला पंधरा मिनिटं हे समजावत होते आणि ती बाई ‘हो का, हो का’ करत होती. मी खुर्च्या उचलायला गेलो तर बाड तिथंच राहिलेलं. पहिल्याच पानांत दोन पावलांचं चित्र होतं आणि त्यावर अंग कुठं वळतं ते दाखवणारे बाण. मी सांगितलं होतं तेच. त्याखाली पिवळी रेघही होती. पुस्तकानं बरोबरच सांगितलं होतं. या माणसानं ते वाचलं होतं, रंगवलं होतं, आणि समोर हललेला पाय त्याला दिसला नव्हता.

तृप्ती जॅकेट घडी करून पिशवीत कोंबत होती. मी जवळ गेल्यावर म्हणाली, “काका, माझा पाय हलला होता ना? जॅकेट काढलं तवा ध्यानात आलं.”

“हो.”

“तुम्हाला कधी दिसलं?”

“चोविसाव्या गोळीला.”

तिनं पिशवीची चेन ओढता ओढता हात थांबवला. “मग सांगितलं का नाय?”

सरांना ऐकवायला माझ्याकडं शंभर वाक्यं तयार होती. तिच्यासाठी एकच सापडलं. “मला कुणी विचारलं नव्हतं.”

“मी रायफल खाली ठेवून मागं बघितलं होतं,” ती म्हणाली. “चाळिसाव्या गोळीनंतर. सरांकडं नाय, तुमच्याकडं बघितलं होतं. तुम्ही कपात बघत होता.”

मावशीनं हाक मारली. संध्याकाळच्या सटाणा गाडीत जागा धरायची होती. तृप्ती नेहमी निघताना वाकून नमस्कार करायची. त्या दिवशी तिनं पिशवी खांद्याला लावली आणि नुसतीच निघून गेली.