ओल्या निर्गुडीची कणगी

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात सासूबाई लेकीच्या बाळंतपणासाठी यवतमाळला गेल्या आणि वर्षाची ज्वारी माझ्यावर सोपवून गेल्या. साठ साल नुकतंच उलटलं होतं. आम्ही कळंबला राहत होतो, नवरा तहसिलीत कारकून. "कणगी नीट भरली, त मंग धान्याची खोली तुह्या हाती," एवढं बोलून त्या एसटीत चढल्या.

ज्वारीला किडा लागू नये म्हणून आमच्याकडे कणगीत थराथरात निर्गुडीचा पाला घालत. नाल्याकाठचं झुडूप, निळसर फुलांचे तुरे. पाला चुरगळला तर हाताचा वास दिवसभर जात नाही. तांड्यावरची एक बाई लाकडं विकायला येई, तीच पालाही आणी. भारा टाकताना ती म्हणाली, "तीन दिस सावलीत वाळू दे बाई. मंग घाल."

मी मॅट्रिक झालेली. ओल्या पाल्याचा वास जास्त उग्र, तेव्हा किडाही जास्त लांब राहील, असं मी ठरवलं. त्याच दुपारी कणगी भरली आणि तोंड शेणमातीनं लिंपलं.

आठ दिवसांनी झाडताना कणगीला हात लागला, तर ती गरम. लिंपण फोडलं तशी आंबूस वाफ आली.

त्या दिवशी बाजार होता. तांड्यावरची बाई आली आणि आत डोकावली.

"काहून वो बाई, कणगीतच घुगऱ्या शिजवून राह्यली का?"

हसून झाल्यावर तिनं पदर खोचला. दोघींनी सगळी ज्वारी अंगणात पसरली. पाल्याला चिकटून काळे पडलेले दाणे दोन टोपल्या निघाले. ते खड्ड्यात पुरले. उरलेल्या ज्वारीला चार दिवस ऊन दिलं आणि वाळलेला पाला घालून कणगी पुन्हा भरली.

सासूबाई परतल्या तेव्हा चहा ठेवायच्या आधीच मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी लिंपण उकरलं, मूठभर दाणे हुंगले, एक चावून पाहिला.

"किती गेली?"

"दोन टोपल्या, आत्याबाई."

"शिकलेली सून आणली म्हनून दोनच गेल्या," त्या म्हणाल्या. मग हातातले दाणे परत कणगीत टाकत, "तुरीची कणगी राह्यली हाये. तेही तूच भर. ओला पाला काय करते, हे आता तुले माह्यापेक्षा जास्त मालूम हाये."

तुरीसाठी आणलेला पाला तिसऱ्या दिवशी कुरकुरीत वाळला. मी आणखी दोन दिवस थांबले.