आबाजींना बसवून ठेवलं ते वर्ष

धानाच्या पऱ्ह्यांचा, म्हणजे कोवळ्या रोपांचा, ओला वास आला की आजही आमच्या एकोडी गावची ती दुपार आठवते.

मी सोळा वर्षांची होते. हाती लागेल ते पत्रक वाचायचे. म्हाताऱ्यांना विश्रांतीचा हक्क आहे, हे एका पत्रकात वाचलं आणि आजोबांचं, म्हणजे आबाजींचं, शेतात जाणंच बंद केलं. जन्मभर दुसऱ्यांच्या बांधीत, धानाच्या चिखलात राबलेला माणूस, आता तरी बसू दे!

"बसून काय करू वो? अंडे देऊ?" ते म्हणाले. मी हटले नाही. वर्षभर ते खाटेवर बसून राहिले.

पुढच्या पावसाळ्यात, धानाच्या रोवणीत, एका दुपारी मी त्यांना चहा दिला. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

"तू कोनाची पोरगी वो, बाई?"

थट्टा नव्हती. त्यांचा हात धरून मी तडक बांधीवर गेले.

"सुट्टी सरली का जी, आबाजी?" रोवणाऱ्या बाया हसल्या. आबाजी चिखलात उतरले, पऱ्ह्यांची पेंडी सोडून रोवू लागले. बोटांना सगळं आठवत होतं. शेजारी मी रडत रोवत होते.

"येवढं खोल नोको खुपसू, शीला," ते म्हणाले. "पत्रकात नाई लिवलं का?"

तो हक्क मी आजही मानते. पण यंदा बाबा निवृत्त झालेत, आणि त्यांना "बसा" म्हणायला माझी जीभ उचलत नाही.