क्लचला बांधलेली सुतळी

आमच्या गाडीचा क्लच दाबला की दबलेलाच राहायचा. गाडी म्हणजे जुन्या काळची पांढरी मोटार. तिची तिन्ही पायडलं तळाच्या पत्र्यातल्या भोकांतून वर आलेली आहेत. आताच्या गाड्यांत ती वरून लोंबतात म्हणे. मला हे पूर्वी माहीत नव्हतं. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं आणि चौथीत मोटार नव्हती.

पहिल्यांदा तो अडकला चौसाळ्यात, गतिरोधकावर. आमच्या मालकांनी क्लच दाबला, गिअर बदलला, पाय उचलला, पण पायडल काही पायामागं वर आलं नाही. इंजिन ओरडत होतं, गाडी जागची हलत नव्हती आणि मागं उसाचा ट्रॅक्टर येऊन थांबला होता. मालकांनी चप्पल काढली, पायाचा अंगठा पायडलखाली घातला आणि ते वर उचललं. गाडीनं अशी उडी मारली की माझं डोकं टपाला लागलं. ट्रॅक्टरवाला शेजारून जाताना म्हणाला, "आजी, तुमी उतरा खाली. आजोबाला एकट्याला उडू द्या."

मी उतरले नाही, कारण उतरून जाणार कुठं? खुब्यात लोखंडी पट्टी घातल्यापासून मला मोटारसायकलवर बसता येत नाही. काळीपिवळीत चढायला पाय उचलत नाही. एसटीची पायरी तर माझ्या कमरेच्या वर लागते. या एका गाडीचं सीट माझ्या ढुंगणाच्या उंचीवर आहे. ती आहे म्हणून मी अधूनमधून गेवराईला बहिणीकडं जाते. भावंडांत आम्ही दोघीच उरलो आहोत. गोड वगैरे काही बोलत नाही, भांडतोच. फोनवर भांडावं तर ती अर्ध्यात ठेवून देते. समोर बसलं की तिला ठेवून देता येत नाही.

मालकांनी उपाय काढला. पायडलच्या दांडीला सुतळी बांधली आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं. त्यांनी पाय उचलून "ओढ" म्हणायचं आणि मी ओढायचं. मी पुढच्या सीटवर कासरा धरल्यासारखी बसायचे. सावकाश ओढलं तर गाडी निघते, हिसका दिला तर उडते.

"हळू ओढ. विहिरीतून बादली काढतीस का?"

"मग तुमीच ओढा."

"मी स्टेअरिंग धरू का सुतळी धरू?"

असं बोलत आम्ही बीडला जाऊनही आलो. लोकांनी पाहिलं. त्यातल्या कुणीतरी पुण्याला माझ्या मुलाला कळवलं. मुलाचा फोन आला.

"आई, मी रविवारी येतोय. गाडी मोडीत काढू. भंगारवाल्याला सांगितलंय, दुपारी येऊन घेऊन जाईल."

"मग मी गेवराईला कशी जाऊ?"

"मावशीला व्हिडिओ कॉल लावून देतो की."

"तिला मोतीबिंदू हाय. तिला काय दिसणार, माझं कपाळ?"

"हे बघ, गाडी धड नाही आणि तात्याही धड नाहीत. दोघांतलं एक तरी धड असतं तर मी बोललो नसतो."

हे त्याचं बरोबर होतं, म्हणून मला जास्त राग आला. मालकांना धड करणं आता कुणाच्या हातात राहिलेलं नाही. राहिली गाडी. शनिवारी सकाळी आम्ही सुतळी ओढत चौसाळ्याच्या मिस्त्रीकडं गेलो.

हा मिस्त्री मुसलमान आहे. त्याच्या बापापासून आमची गाडी त्यांच्याकडंच जाते. हात चांगला आहे, तोंड त्याहून चांगलं आहे. त्याच्या दुकानाला लागून चहाचं हॉटेल आहे. त्यामुळं गाडीचं बॉनेट उघडलं की डॉक्टर आपोआप जमतात. एक म्हणाला, प्लेट गेली. दुसरा म्हणाला, स्प्रिंग. बाजाराला शेळ्या घेऊन आलेला एक जण होता, त्याचं मत गिअरबॉक्स खाली घ्यावा असं पडलं. मिस्त्रीनं बसूनच दोनदा पायडल दाबलं आणि तोही म्हणाला, "प्लेटच हाय, काकू. गिअरबॉक्स उतरवावा लागंल. ठेवून जा गाडी, मंगळवारी या."

"उद्या दुपारी भंगारवाला येणार हाय. मंगळवारी मी काय रिकाम्या अंगणाला क्लच लावू?"

"मग काय करू मी?"

"न उतरवता बघायची काही सोय हाय का न्हाई? दुधात पाणी हाय का ते बघायला कुणी म्हैस कापतं का?"

शेळीवाला हसला. मिस्त्रीला ते लागलं. तो पोतं अंथरून गाडीखाली शिरला. पायडलपासून एक दांडी मागं जाते आणि क्लचला ढकलते. त्यानं ती सोडली आणि खालूनच म्हणाला, "तात्या, आता दाबा."

मालकांनी दाबलं. पायडल खाली गेलं आणि खालीच राहिलं.

मग मिस्त्री म्हणाला, "दांडी सुटलीया, तरी वर येत न्हाई. म्हणजे मागचं सगळं ठीक हाय. हे पायडलच जाम झालंय."

"मी तेच म्हणत होतो," शेळीवाला म्हणाला.

पायडल ज्या आडव्या शाफ्टवर फिरतं तो पत्र्याच्या खाली असतो. हातोडीनं ठोकून ठोकून मिस्त्रीनं तो बाहेर काढला. त्याच्यावर काळा-लाल थर होता, पाकात घट्ट वळलेल्या लाडवासारखा. मिस्त्रीनं पेचकसानं खरवडला, नाकाशी धरला आणि माझ्या खिडकीशी आणून दाखवला.

"काकू, ह्याच्यात तांदूळ कावून आले?"

मला पाहताक्षणी कळलं. दसऱ्याला सगळे लोक गाडीची पूजा बाहेरून करतात, बॉनेटला हार घालतात आणि चाकाखाली लिंबू ठेवतात. मालकांचं म्हणणं वेगळं. टायरला कुणी पाय लावत नाही, लक्ष्मीला लाथ बसते ती पायडलवर. म्हणून माफी तिथंच मागायची. गाडी घेतल्यापासून दर दसऱ्याला ते दारातून वाकून पायडलला हळदकुंकू लावतात, अक्षता टाकतात, साखर ठेवतात आणि वरून नारळाचं पाणी ओततात. ते सगळं भोकातून खाली जायचं.

मी हे सांगितलं तेव्हा मालक रस्त्याकडं बघत उभे होते.

मिस्त्रीनं विचारलं, "पण तात्या, पूजा तिन्हीची, मग ब्रेक कावून जाम झाला न्हाई?"

मालक गंभीरपणे म्हणाले, "ज्याला जास्त लाथा त्याला जास्त पाणी. क्लच सारखा दाबावा लागतो. ब्रेक मी कमी मारतो, त्याला चमचाभरच."

या गाडीत इतकी वर्षं बसते आहे, पण भीती मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली.

मिस्त्री म्हणाला, "माफी मागा की. मागायलाच पायजे. पण कोरडी मागा. फूल ठेवा, हात जोडा."

"कोरडी माफी असती व्हय कुठं?" मालक म्हणाले.

शाफ्ट डिझेलनं धुतला, पॉलिश पेपरनं घासला, ग्रीस भरून परत बसवला. दांडी जोडली. मालकांनी क्लच दाबून पाय काढला, तर पायडल टपकन वर आलं. चहावाले डॉक्टर आपापल्या बाकावर परत गेले.

रविवारी मुलगा आला. क्लच दुरुस्त झाला हे त्याला पटेना. म्हणाला, मी स्वतः चालवून बघतो. पुण्यातल्या त्याच्या गाडीला क्लच नाही. दोन पायडलची गाडी चालवून त्याचा डावा पाय पार बसून खायला लागलेला. त्यानं गाडी सुरू केली, गिअर टाकला आणि क्लच एकदम सोडला. गाडी गचका खाऊन बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. तिसऱ्या वेळेला शेजारची सून धुणं टाकून कुंपणाशी आली. मालक दाराशी हाताची घडी घालून उभे होते. इतकं गप्प मी त्यांना आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

मुलगा उतरला. मालक बसले आणि अंगणात गोल फिरवून गाडी दाराशी आणून लावली, लोण्यातून सुरी काढावी तशी.

मी मुलाला म्हणाले, "दोघांतलं एक धड असलं तर बोलणार न्हाई, असं तूच म्हणाला होतास. आता बोलू नको. त्या भंगारवाल्याला फोन कर."

त्यानं केला. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, हळू आवाजात केला.

मी पिशवी घेऊन मागच्या सीटवर बसले, कारण ब्रेकबद्दल ऐकल्यापासून मला पुढं बसवत नाही. दिवस मावळायच्या आत गेवराईला पोचलो. बहिणीनं दार उघडलं, कपाळावर आडवा हात धरून मला निरखलं आणि म्हणाली, "इतके दिवस कुठं मेली होतीस?"

मी म्हणाले, "आधी खुर्ची दे. उभ्यानं भांडायला मला जमत न्हाई."