तारेला हात लावायचा नाय!

गॅरेजमधलं जुनं ऑइल पिंपात जातं, पत्रा-लोखंड भंगारवाला नेतो, फाटके टायर झोपाळ्यासाठी कुणीतरी मागून नेतं. किस्से मात्र कुणी नेत नाही! ते साठतच राहतात. मित्र चहाला बसले की त्यातले दोन-चार बाहेर पडतात, आणि तेवढ्यात एखादं गिऱ्हाईक येऊन नवे ठेवून जातं.

आमचं गॅरेज खोपोलीत, घाट सुरू होण्याआधी. पिकअप सोडून दुसरी गाडी आम्ही घेत नाही. आम्ही म्हणजे मी आणि माझी मुलगी अश्विनी, सगळ्यांची आशू. ती आयटीआय करून आली तेव्हापासून क्लच-ब्रेक माझ्याकडं आणि वायरिंग, सेन्सर तिच्याकडं. त्यातही हवेचा सेन्सर हा तिचा खास प्रांत. खोपोलीपासून कर्जतपर्यंत असा हात नाही, हे मी बाप म्हणून नाही, मेकॅनिक म्हणून सांगतो. बरं, बाप म्हणूनही सांगतो!

सध्या तिच्यासाठी स्थळं बघतोय. माझी अट एकच आहे. तिच्या हातातलं काम सोडवणारं घर मला नको. बाकी सगळं तिचं ती बघेल.

*

कळंबचे बबनमामा रिसॉर्टांना भाजी पोचवतात. आमच्या नात्यातले नाहीत, पण सगळा स्टँड त्यांना मामाच म्हणतो. एक दिवस काळा धूर सोडत आले.

"आशू, ही धूर का ओकते गं? डिझेल तर चांगल्या पंपावरचं हाय."

आशूनं एअर फिल्टरच्या पुढचा पाइप उघडला आणि त्यातला बोटाएवढा सेन्सर काढून दाखवला. "मामा, पंगतीला माणसं किती बसली ते बघणारा एकजण असतो ना? हा तो. इंजिनात हवा किती आली ते हा सांगतो आणि कॉम्प्युटर त्या मापानं डिझेल वाढतो. ह्याच्या तारेवर धूळ बसली की माप चुकतं. मग उरलेलं उष्टं धुरातनं बाहेर!"

मामा गंभीर झाले. "म्हंजी मी रोज उष्टं सांडत घाट चढतो?"

त्या दिवसापासून मामा गाडीत बसताना चपला बाहेर झटकतात. त्याचा सेन्सरशी काही संबंध नाही, पण त्यांना कोण सांगणार!

*

सेन्सरच्या आतली तार केसासारखी बारीक असते. तिच्यासाठी वेगळा स्प्रे मिळतो. लांबून मारायचा, आपोआप वाळू द्यायचा आणि मगच सेन्सर बसवायचा. फडकं नाही, ब्रश नाही, तोंडानं फुंकरसुद्धा नाही. "तारेला हात लावायचा नाय!" हे आशूचं पालुपद.

पण ऐकतंय कोण? लोक ती पेट्रोलनं धुतात, दात घासायच्या ब्रशनं घासतात. अशा माणसांवर माझं डोकंच फिरतं. एक पठ्ठ्या तर कान कोरायची कापसाची काडी घेऊन बसला. मग गाडी चालूच होईना, म्हणून टोचन करून आमच्याकडं आणली.

आशूनं आत पाहिलं. "अहो, तार कुठाय?"

"तार नव्हती ताई. एक केस अडकला होता, तो मी काढून टाकला!"

*

दुसरा एकजण आला. म्हणाला, "गाडी खेचत नाय, बाकी काही नाय." आशूनं चावी फिरवली. डॅशबोर्डवर सगळे दिवे लागले, इंजिनचा काही लागेना. बघितलं तर त्या दिव्यावर लाल टिकली चिकटवलेली!

"रात्री डोळ्यावर यायचा," तो म्हणाला.

आशूनं टिकली काढली. खाली दिवा भगभगत होता. सेन्सरचा सॉकेट उंदरानं कुरतडला होता. तिनं वायर जोडली, तार साफ केली, कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड पुसला. दिवा गेला. गाडी एका दमात घाट चढून आली. हा खूश! निघताना मात्र परत फिरला.

"ताई, ती टिकली द्या. बायकोच्या पाकिटातली हाय."

*

पुढं बबनमामांच्या गाडीत नवीन सेन्सर बसवला तेव्हा आशूनं त्यांना बजावलं होतं, "मामा, हा गाडीचा जीव हाय. जपा."

दसऱ्याला मामांनी गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली. दुसऱ्या दिवशी गाडी खोकत खोकत दारात. आशूनं सेन्सर काढला आणि बघतच राहिली. मला हाक मारली. सेन्सर हळद-कुंकवानं माखलेला, आणि तारेपाशी अक्षतांचा एक दाणा!

"मामा, हे काय?"

"तूच म्हणालीस, गाडीचा जीव हाय. मग पूजा बॉनेटची करून कसं चालंल?"

"नैवेद्य पण दाखवलात का?"

"पेढा ठेवणार होतो गं. भोकात मावला नाय!"

*

आशू एअर फिल्टर हातात घेऊन गाडी कुठं फिरली ते सांगते. तांबडी पूड असली तर वीटभट्टी, पांढरी असली तर खडीचा क्रशर. मला अजूनही सगळं जमत नाही, तिला जमतं.

एक शेठ ड्रायव्हरला घेऊन आले. "ॲव्हरेज पडलंय. हा म्हणतो, गाडी फक्त मोहोपाड्याला कंपनीत जाते."

आशूनं फिल्टर काढला. आत भाताचा कोंडा! गाडी कुणाच्या तरी गिरणीच्या फेऱ्या मारत होती. ड्रायव्हरचा चेहरा पडला. आशूनं एकदा त्याच्याकडं पाहिलं.

"काय निघालं?" शेठनी विचारलं.

"धूळ," आशू म्हणाली. "ड्रायव्हरला कळलंय कुठली ते."

पुढच्या सर्व्हिसिंगला फिल्टर स्वच्छ होता. त्यानं फेऱ्या सोडल्या की फिल्टर झटकून आणला, ते आम्ही विचारलं नाही.

*

पहिलं स्थळ कर्जतचं. मुलगा नोकरीला, घर दुमजली. मुलाच्या आईनं आशूला जवळ बसवून तिचे हात पाहिले. नखांच्या कडेला काळी रेघ होतीच.

"लग्नानंतर निघेल ना हे?"

"रोज संध्याकाळी निघतं," आशू म्हणाली, "आणि रोज सकाळी परत येतं."

त्यांनी चहा अर्धा ठेवला. ते गेल्यावर मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त, खरं सांगतो, माझा ऊर भरून आला.

*

दुसरं स्थळ बबनमामांनी आणलं, त्यांचा भाचा नीलेश. "स्वतःची पिकअप हाय दादा. कंपनीचं काँट्रॅक्ट, नुसते खोके वाहतो. एकदम स्वच्छ काम!"

ठरल्या दिवशी मुलगा, त्याची आई आणि मामा त्याच पिकअपमधून आले. गाडी वळवताना अंगणात काळा धूर झाला. मी मनात म्हटलं, आता आशू काही घरात थांबत नाही.

पाहुणे बसले. पाणी झालं, पोहे आले, आशूचा पत्ता नाही. तेवढ्यात ती आली. साडीचा पदर कमरेला खोचलेला आणि हातात ट्रे. ट्रेमध्ये त्यांच्याच गाडीचा एअर फिल्टर! घड्या पांढऱ्या पिसांनी गच्च भरलेल्या.

"खोक्यांना पिसं असतात?" तिनं विचारलं.

मामा एकदम पंख्याकडं बघायला लागले. नीलेश कानापर्यंत लाल झाला.

"कोंबड्या वाहतो मी. पोल्ट्रीवरनं मार्केटला. मामा म्हणाला सांगू नको, मुली वासाला नाकं मुरडतात."

"आणि सेन्सर? गाडी एवढी धूर मारते, तो कशानं साफ केलात?"

"नाय केला."

"का?"

"उघडून बघितला. आत केसासारखी तार हाय. हात लावायची भीती वाटली. म्हटलं, ज्याला कळतं त्यालाच दाखवू."

"हात नाय लावला?"

"नाय."

आशूनं ट्रे टीपॉयवर ठेवला आणि समोरच्या खुर्चीत बसली.

नीलेशची आई पुढं सरकली. तिनं आशूचा हात हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला. नखांवरची रेघही पाहिली.

"आमच्या घरामागं गॅरेजची शेड टाकायला जागा हाय गं," ती म्हणाली. "फक्त तिथं दिवसभर कोंबड्या फिरतात."

आशूनं ट्रेमधल्या फिल्टरकडं पाहिलं, मग नीलेशकडं.

"मग फिल्टर रोज झटकावा लागंल," ती म्हणाली.