नागोठण्याच्या माळ्यावरचा बाप्तिस्मा

मालूची सासू फ्लोराबाई म्हणजे हट्टाचं गाठोडं! मूळची छिंदवाड्याकडची, पक्की लुथरन. उमेदीची वर्षं मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून काढलेली. लेक मोझेस रोह्याला कंपनीत लागला म्हणून त्याच्याबरोबर जवळच्या वरसे गावात आली. इथे ना तिचं चर्च, ना पाळक. पाळक यायचे दोन-तीन महिन्यांतून एकदा. म्हणून काय बाई अडली? दर रविवारी पांढरं लुगडं नेसून, भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसायची नि अख्खी उपासना एकटी म्हणायची. पाळकांचं वाक्य आलं की मात्र गप्प. तेवढा वेळ थांबायचं, मग मंडळीचं उत्तर द्यायचं. "पाळकांचं मी कशी बोलू? माझा काय अधिकार?" मालू पदरात तोंड लपवून हसायची.

मालूला मुलगी झाली. बाप्तिस्म्याआधी बाळाला नावानं हाक मारायची नाही, हा फ्लोराबाईचा दंडक. पाळकांना यायला महिना होता. तोवर सगळे नुसतं 'बाळ' म्हणत.

बाराव्या दिवशी पोर तापानं फणफणली, दूध सोडलं. मोझेस शिफ्टवर. दोघी एस्टीनं पेणच्या दवाखान्याला निघाल्या आणि नागोठण्यात अडकल्या. अंबा नदीचं पाणी रस्त्यावर आलेलं; पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. गोदूबाई नावाच्या माउलीनं त्यांना आपल्या माळ्यावर घेतलं. खाली घरात कंबरभर पाणी, वर तडतडणारा पत्रा. बाळाची छाती घुरघुरत होती. मालू खिडकीतून पाणी बघायची, बाळ बघायची, परत पाणी.

फ्लोराबाईनं गोदूबाईकडे तांब्याभर प्यायचं पाणी मागितलं. मालूनं लगेच ओळखलं. पाळक नसला आणि जीव जाऊ घातला, तर कुणीही ख्रिस्ती माणूस बाप्तिस्मा देऊ शकतं, हे तीही लहानपणी शिकली होती.

"आई, नाय! तुम्ही तिला पोचवायलाच निघालात!"

"मला काय हौस हाय गो? पण तशीच कशी जाऊ देऊ?"

म्हातारीनं तांब्या उचलला. मालूनं तोंड फिरवलं नि कानांत बोटं घातली.

पाणी उतरलं तेव्हा बाळ गेलं होतं.

पुढे बावीस वर्षं मालूनं सासूचं सगळं केलं, शेवटी हागणं-मुतणंसुद्धा. पण त्या दिवसाबद्दल अवाक्षर नाही. दोन खोल्यांचं घर, रागावून जाणार कुठे? रविवारी पाळकांच्या वाक्याला फ्लोराबाई गप्प बसली की मालूचं डोकं फिरायचं. माळ्यावर तेव्हा बरं तोंड उघडलं!

शेवटच्या आठवड्यात म्हातारीला गिळवेना. मालू चमच्यानं पाणी पाजत होती. तांब्याकडे बघता बघता तिच्या तोंडून निघून गेलं, "आई, तिला नाव काय दिलंत?"

"तुला ठाऊक नाय?"

"कानांत बोटं घातली होती मी."

"लीया. दूध पाजताना तू चोरून म्हणायचीस ना, तेच. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची."

मालूनं चमचा खाली ठेवला आणि बावीस वर्षांनी लेकीला नावानं हाक मारली.