परक्यांची कोर्टं आणि हरवलेला अहवाल

ती चौकशी आजही जशीच्या तशी आठवते. दोन हजारनंतरची गोष्ट. मी सिंगापूर पोलिसांत तपास अधिकारी होतो. आईवडील मूळचे पुण्याचे, म्हणून घरात मराठी.

एका विद्यापीठाच्या ग्रंथालयातून तक्रार आली: जुना, दुर्मिळ अहवाल गायब. सर्वांत शेवटी तो वाचायला नेला होता क्लेमेंटी भागात खोली घेऊन राहणाऱ्या नागपूरच्या एका तरुण संशोधकाने. चोरी सिद्ध झाली असती तर विद्यार्थी म्हणून राहण्याचा पास रद्द, पीएचडी बुडाली, थेट घरी रवानगी.

मरीन परेडमधल्या आमच्या इमारतीच्या मजल्यावरही बातमी पोहोचली. शेजारच्या मराठी काकू दारात हजर. "अहो, आपलाच मुलगा आहे. जरा सांभाळून घ्या!"

"काकू, जबाब सगळ्यांचा सारखाच घेतात," मी म्हणालो. त्या फणकाऱ्याने निघून गेल्या.

चोर बहुधा जास्त बोलतो. चौकशीच्या खोलीत समोर बसलेला हा मुलगा मोजकंच बोलला. "अहवाल मी परत केला, साहेब. परत आलेल्या पुस्तकांच्या ट्रॉलीवर ठेवला." पावती नव्हती. तास गेला, तपास तिथेच. शेवटी निव्वळ कुतूहल म्हणून विचारलं, "आहे तरी काय त्यात?"

त्याचा चेहरा खुलला. "एखादा देश आपल्या भूमीवरची परक्यांची वेगळी कोर्टं बंद करतो. इथला गुन्हा, इथलाच कायदा. तेव्हा शेजारचे देश काय करतात, ते."

"काय करतात?"

"कोणी पाठ थोपटतं, कोणी आपल्या व्यापाऱ्यांसाठी रुसतं. बरेच जण गप्प बसून बघतात, हे आपल्यालाही जमेल का?"

मला हसू आलं. काकू रुसल्या होत्याच की!

"पानं अगदी जीर्ण, साहेब. हात लावायची भीती. म्हणून मी कव्हर घातलं."

"कसलं कव्हर?"

"घरून आलेल्या कॅलेंडरच्या कागदाचं. शाळेत घालायचो तसं."

मी कपाळावर हात मारला. अरे देवा! दरवर्षी आई माझ्या पुस्तकांना हेच करायची. ग्रंथालयाचा क्रमांक कव्हराखाली झाकला गेला होता. तासाभरात अहवाल बेवारस वस्तूंच्या खोक्यात सापडला. तिथला कर्मचारी ओशाळून सिंगापुरी ढंगात म्हणाला, "मला वाटलं, कुणाचं तरी घरचं पुस्तक, लाह!"

तक्रार मागे घेतली गेली. मुलगा जबाबावर सही करताना रडला, आणि खरं सांगतो, माझेही डोळे भरून आले.

काकूंचं ऐकून मी त्याला तसंच सोडलं असतं, तर अहवाल त्या खोक्यातच राहिला असता. आणि तो पोरगा जन्मभर ओळखीवर सुटलेला चोर ठरला असता.